गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं सरकला की गाड्यांच्या एसीच्या तक्रारी सुरू होतात. लग्नसराईचं भाडं असो की पेशंटला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं असो, ऐनवेळी एसी गरम वारा फेकतो. गॅरेजला गाडी लावली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "गॅस संपलाय, भरून घ्या." गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

मुळात एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून काही वर्षांत थोडा गॅस झिरपतो, ते चालायचंच. पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर कुठंतरी लिकेज आहे. ते न काढता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

एसी काम कसा करतो?

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस तापतो. तो रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, तिथं उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. पुढे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब एकदम कमी होतो आणि कॉइल गार पडते. पंख्याचा वारा या कॉइलवरून आत येतो. या साखळीतली एक कडी बिघडली तरी हवा गरमच येणार.

घरच्या घरी, बिनपैशाची तपासणी

१) टेम्परेचरचा नॉब पूर्ण निळ्या बाजूला आहे का, ते बघा. बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू राहिलं असेल तर आतली हवा फिरवणारं बटण दाबा. गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा खाली करून दोन-तीन मिनिटं चालवा, कोंडलेली गरम हवा निघून जाते.

२) वाराच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कच्च्या रस्त्याच्या फुफाट्यानं तो लवकर चोंदतो.

३) पुढच्या जाळीतून कंडेन्सर बघा. धूळ, पाचट, कापसाची बोंडरी, किडे अडकले असतील तर इंजिन बंद आणि गार असताना साध्या पाईपच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

४) इंजिन आणि एसी चालू करून बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासावी लागेल. हात आणि उपरण्याची टोकं पंखा-पट्ट्यापासून लांब ठेवा.

५) एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा "टक्" असा आवाज येतो का, ते ऐका. आला नाही तर फ्यूज बघा, वायर उंदरानं कुरतडली आहे का तेही बघा. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे हमखास बघावं. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तिथं हा आवाज येतच नाही.

लक्षणावरून अंदाज

– गाडी पळताना गार, थांबल्यावर गरम: पंखा बंद किंवा कंडेन्सर चोंदलेला.
– सुरुवातीला गार, नंतर वारा कमी होत जातो: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय.
– नळीच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग: तिथून लिकेज असण्याची शक्यता.
– इंजिनचा काटा वर चढल्यावर एसी बंद: आधी रेडिएटर आणि कूलंट बघा.

गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका. हवेतला ओलावा कॉइलवर जमून बाहेर पडतो, ते चांगलंच लक्षण आहे.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

"लिकेज कुठं आहे?" हा पहिला प्रश्न. नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावून किंवा रंग सोडून लिकेज सापडतं. बऱ्याचदा दुखणं एखाद्या स्वस्तातल्या ओ-रिंगचं निघतं. ते काढल्यावर व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी लावायला सांगा. नळ्यांतली हवा आणि ओल निघाली नाही तर नवा गॅस भरूनही गारवा येत नाही.

गॅस अंदाजानं नाही, वजनावर भरायचा. किती ग्रॅम लागतो आणि कोणत्या प्रकारचा, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. कमी भरला तर गारवा नाही, जास्त भरला तरी नाही.

लिकेजमधून गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही जातं. तेलाविना कॉम्प्रेसर जाम झाला की धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. मग खर्च गॅस भरण्याच्या कितीतरी पट होतो.

हे करू नका

स्वस्तात पडतं म्हणून एसीत स्वयंपाकाचा गॅस भरू देऊ नका. गाडीच्या आत लिकेज झालं तर एका ठिणगीनं पेट घेऊ शकतो. गॅसचे व्हॉल्व्ह घरी उघडू नका. सुटलेल्या गॅसनं कातडी आणि डोळ्यांना इजा होते. एसी बंद पडलेल्या गाडीत काचा लावून लेकरं, म्हातारी माणसं यांना पाच मिनिटंसुद्धा बसवून ठेवू नका.

गॅरेजमधून निघताना पावतीवर लिकेजची जागा, बदललेला पार्ट आणि भरलेल्या गॅसचं वजन लिहून घ्या. पुढच्या वेळी कुणी "गॅस संपलाय" म्हणालं तर हीच पावती पुढे करता येईल.