चर्चाबंदीचं कूळ

लोकसभेत चर्चा चालू असताना कोणीही सदस्य उठून ‘आता प्रश्न मताला टाका’ असा प्रस्ताव मांडू शकतो. नियम 362. या नियमाचं मूळ शोधत गेलं की आपण 1881च्या लंडनमध्ये पोचतो.

ग्लॅडस्टन सरकारला आयर्लंडमध्ये नुसत्या संशयावरून, खटला न चालवता माणसं तुरुंगात डांबण्याचा अधिकार हवा होता. ते विधेयक मांडू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न हाउस ऑफ कॉमन्सपुढे होता. विरोधात पार्नेल यांचे मूठभर आयरिश सदस्य. मतांनी ते हरणार हे ठरलेलंच. पण बोलणारे संपल्याशिवाय मतदान घेता येत नव्हतं, आणि त्यांनी बोलणं संपूच दिलं नाही. बेलफास्टचे जोसेफ बिगर त्यात मुरलेले; सरकारी अहवालांतली पानंच्या पानं ते सभागृहात वाचून दाखवत.

31 जानेवारीला, सोमवारी दुपारी बैठक सुरू झाली. दोन रात्री उलटल्या. अध्यक्ष हेन्री ब्रँड आणि उपाध्यक्ष लायन प्लेफेअर आळीपाळीने आसनावर बसत होते. बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास ब्रँड परतले, तेव्हा बिगर बोलत होते. त्यांना मध्येच थांबवून ब्रँडनी हातातला कागद वाचला आणि प्रश्न थेट मताला टाकला. त्या प्रश्नावरची दुरुस्ती 164 विरुद्ध 19 मतांनी पडली. आयरिश सदस्य ‘हक्कभंग, हक्कभंग’ ओरडत बाहेर पडले, आणि साडेएकेचाळीस तासांची बैठक संपली.

कोणत्या नियमाखाली हे केलंत, असं नंतर विचारलं गेलं. स्वतःच्या जबाबदारीवर, सभागृहाप्रती कर्तव्य म्हणून, असं ब्रँड यांचं उत्तर होतं. नियम नव्हताच! बहुमताला कधीतरी निर्णय घेता आला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण विनाखटला कैदेच्या कायद्यासाठी अध्यक्षांनी नियमाबाहेर जावं, हे आजही खटकतं.

1882 मध्ये चर्चाबंदी रीतसर नियमात आली. 1887 मध्ये, पुन्हा आयर्लंडच्याच एका विधेयकावर, ठरल्या वेळी उरलेली कलमं सरसकट मताला टाकणारं ‘गिलोटिन’ आलं. अल्पमताच्या हक्कांवर गदा येत असेल तर चर्चाबंदीचा प्रस्ताव नाकारण्याचा अधिकारही अध्यक्षांना मिळाला. आपल्या 362 मध्ये तो आहे: वाजवी चर्चेचा हक्क डावलला जातोय असं वाटलं, तर अध्यक्ष चर्चाबंदी नाकारू शकतात. मध्यरात्री मतदानाची घाई सुरू झाली की विरोधकांनी बोट ठेवावं ते याच अटीवर.