ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा लाइट लागला? आधी कोड वाचा, मग गिअरबॉक्सला हात लावा

आदिलाबाद : जुनी ऑटोमॅटिक गाडी, मीटरवर पिवळा लाइट, गिअर पडताना झटका. गॅरेजवर नेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, "गिअरबॉक्स गेला." बऱ्याच वेळा बिघाड वायर, सेन्सर, बॅटरी किंवा ऑइलचा असतो. खर्चाला होकार देण्याआधी पुढची माहिती वाचा.

कोड कुठे मिळतो?
स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावला की इंग्रजी 'पी' अक्षर आणि पुढे चार आकडे दिसतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पहिला आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. दुसरा आकडा ७ असेल तर विषय गिअरबॉक्सचा.

नेहमी दिसणारे कोड
• पी ०७०० : गिअरच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे, एवढीच ही सूचना. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतो, त्यामुळे इथेच अडकायला होतं.
• पी ०७०५ : गिअर लिव्हर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर. गाडी स्टार्ट होत नसेल तर हाही बघा.
• पी ०७१५, पी ०७२० : आतला आणि बाहेरचा स्पीड सेन्सर, किंवा त्यांची वायर.
• पी ०७३० : गिअरचं प्रमाण जुळत नाही. ऑइल कमी असणं इथपासून आतला क्लच झिजणं इथपर्यंत कारण असू शकतं.
• पी ०७४० : टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचं सर्किट.
• पी ०७५० : शिफ्ट सोलेनॉइड 'ए'.
• पी ०२१८ : गिअरबॉक्स जास्त तापला.
• पी ०५६२ : व्होल्टेज कमी.

कोड 'कोणत्या सर्किटमध्ये गडबड' एवढंच सांगतो, 'कोणता पार्ट बदला' हे नाही. सेन्सरचा कोड आला तरी दोष उंदराने कुरतडलेल्या वायरचा असू शकतो.

कोणत्या क्रमाने तपासायचं?
१. कोड पुसण्याआधी सगळ्यांचा फोटो घ्या. कोड पुसला की बिघाडाच्या वेळचा वेग, इंजिनचं तापमान वगैरे नोंदी पण जातात.
२. बॅटरी बघा. बंद गाडीत साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १३.५ ते १४.५ च्या आसपास हवेत. अनेक कोड एकदम आले तर संशय आधी बॅटरी आणि अर्थिंगवर.
३. ऑइलची पातळी, रंग, वास. काळं आणि जळका वास म्हणजे आत झीज. सीव्हीटीत साधं एटीएफ टाकू नका.
४. वायर, कनेक्टर, गंज, पाणी.
५. मग सेन्सर-सोलेनॉइड मीटरने मोजा. गिअरबॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी.

एएमटी वेगळी
२०१४ साली मारुती सेलेरिओसोबत आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच, पण तो चालवतो अ‍ॅक्च्युएटर. त्यामुळे क्लच प्लेट, अ‍ॅक्च्युएटरचं ऑइल आणि ब्रेक स्विच आधी तपासा.

रस्त्यातच लाइट लागला तर?
पारा ४५ अंशांच्या घरात असताना निर्मलचा घाट चढताना गिअरबॉक्स तापू शकतो. तापल्याची सूचना आली तर बाजूला थांबा, गाडी थंड होऊ द्या. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर कंट्रोलरने बचावासाठी तसं केलंय; जोर न देता जवळच्या गॅरेजपर्यंतच न्या. पांढरकवडा किंवा निर्मलकडून ओढून आणायची वेळ आली तर दोरी नको, गाडी उचलून नेणारी गाडी बोलवा. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आत ऑइल पोचत नाही आणि चांगला गिअरबॉक्सही खराब होऊ शकतो.

गॅरेजमध्ये दोनच प्रश्न विचारा : कोड कोणता आला, आणि मोजून काय दिसलं? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पार्ट बदलायला हो म्हणू नका.