सिकलसेल : एका अक्षराची चूक आणि ती दुरुस्त करण्याची धडपड

'डॉक्टर, सिकलसेल म्हणजे आदिवासींचा आजार ना?' चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. नाही. गोंड, माडिया, परधान समाजांत तो आहेच, पण विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसी कुटुंबांतही आहे.

1910 साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्याची नोंद छापली. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या सापडल्या. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला आढळ 'लॅन्सेट'मध्ये कळवला.

पेशी विळ्यासारखी का होते? दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये दाखवलं. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी एका अमिनो आम्लाचा फरक शोधला. मुळाशी डीएनएचं एकच अक्षर : 'ए'च्या जागी 'टी'. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्या बनवतं, पेशी ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. असह्य दुखणं येतं ते यामुळे. मात्र एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

1986 मध्ये गडचिरोलीत आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीला सिकलसेलवरच काम केलं. पण लोकांना तेव्हा हा प्रश्न महत्त्वाचा वाटत नव्हता. मला यात लोकांचं चुकलं असं वाटत नाही. निदान झालं तरी द्यायला तेव्हा फारसं काही नव्हतं.

आता आहे. क्रिस्पर ही डीएनए ठरलेल्या जागी कापणारी कात्री. तिला जागा दाखवणारी छोटी साखळी हवी तशी रचता येते. त्यावरची पहिली उपचारपद्धती 2023 मध्ये ब्रिटनमध्ये मंजूर झाली. ती बिघडलेलं अक्षर बदलत नाही. जन्मानंतर बंद होणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर! 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीची 'बिरसा 101' ही देशी पद्धत जाहीर झाली. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. ती अजून रुग्णालयांत सर्रास मिळत नाही.

तोवर हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्या, ते बंद करू नका. आणि लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.