पुलिकतच्या विणकराची उचल

चेन्नईच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर पुलिकत आहे. लोक तिथे जातात ते खाडीतले रोहित पक्षी बघायला. इतिहासाची आवड असलेले डच कबरस्तानात जातात आणि दारावर दगडात कोरलेल्या दोन सांगाड्यांचे फोटो काढतात. गेल्द्रिया किल्ल्याचं आता झाडाझुडपांनी भरलेलं टेकाड उरलं आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला. आजोबा हातमागावर लुगडी विणत. सूत सावकाराचं, उचल सावकाराची आणि तयार माल त्यालाच घालायचा. त्यामुळे या किनाऱ्याचा इतिहास मला तोफांच्या बाजूने वाचताच येत नाही. मी बघतो ते उचल कुणी दिली, कुणी घेतली आणि ती परत करायची मोकळीक कुणाला होती.

डचांची कंपनी 1602 साली निघाली ती मसाल्यासाठी. पण मोलुक्का बेटांवर जायफळ-लवंगेच्या बदल्यात नुसती चांदी चालेना. तिथल्या लोकांना कोरोमंडलचं कापड हवं होतं. मग 1606 मध्ये मच्छलीपट्टणमला वखार झाली आणि 1610 मध्ये विजयनगरच्या वेंकट दुसऱ्याकडून पुलिकतची परवानगी मिळाली. सां तोमेच्या पोर्तुगीजांनी 1612 मध्ये ती वखार उद्ध्वस्त केल्यावर पुढच्याच वर्षी किल्ला उभा राहिला. त्याच सुमारास हेन्ड्रिक ब्राउवर या अधिकाऱ्याने या किनाऱ्याला मोलुक्कांचा डावा हात म्हटलं होतं. मला ते अगदी पटतं. कापडाशिवाय मसाला नव्हता. युरोपात छिटांचं वेड पसरलं ते बरंच नंतर. सुलावेसीतले तोराजा लोक तर जुनी भारतीय वस्त्रं आजही पवित्र मानून जपतात.

ते कापड होतं तरी कसं? ताण्याच्या धाग्यांची मोजणी पुंजमवर. एक पुंजम म्हणजे 120 धागे. चौदा पुंजमचं कापड म्हणजे पन्ह्यात 1680 धागे. ताण्याला तांदळाच्या पेजेची खळ. चित्राचं कापड असेल तर खरं काम माग थांबल्यावर सुरू व्हायचं. आधी हिरडा आणि म्हशीचं दूध यांत कापड भिजवायचं. दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही. काळी रेघ गंजक्या लोखंडाच्या आणि गुळाच्या पाण्याने काढायची. लाल हवा तिथे तुरटी लावायची आणि मग चायच्या मुळांत कापड उकळायचं. चाय हे लहानसं झुडूप. शंखशिंपल्यांचा चुना असलेल्या किनारी मातीत त्याची मुळं गडद लाल उतरतात. निळा रंग हवा तर बाकीच्या भागावर मेण चढवून निळीच्या पिंपात बुडवायचं. मधूनमधून धुणं, शेणात भिजवणं, उन्हात पसरणं. एका तुकड्यावर कितीतरी हात आणि आठवडेच्या आठवडे खर्ची पडत.

कंपनीचा साहेब यांतल्या कुणालाही ओळखत नसे. त्याची गाठ दुभाषा-दलालाशी, पुलिकतला मलय चेट्टीसारख्या बड्या व्यापाऱ्याशी. चेट्टी मुख्य विणकराला पैसे देई, तो पुढे मागवाल्यांना. नमुना दाखवून, लांबी-रुंदी ठरवून, कित्येक महिने आधी उचल द्यावी लागे, कारण जहाजं वाऱ्याच्या हंगामाला बांधलेली. बंदर म्हणावं असं काही नव्हतंच. जहाज खोल पाण्यात नांगरायचं आणि गाठोडी न्यायची काथ्याने शिवलेल्या, बिनखिळ्यांच्या मसुला होड्यांतून, फेसाळत्या लाटा फोडत. त्याच किनाऱ्यावरून दुष्काळात आणि लढायांत विकली गेलेली माणसंही गुलाम म्हणून बटावियाला गेली. डच अमलाचं कौतुक करताना हे वगळणारं लेखन मला सहन होत नाही.

आता मुद्द्याचं. उचल घेतलेला विणकर म्हणजे बांधलेला माणूस, असं आपण आपल्या अनुभवावरून समजतो. सतराव्या-अठराव्या शतकात इथे तसं सरसकट नव्हतं. डॅनिश लोक 1620 मध्ये तरंगंबाडीला आले, इंग्रज 1639 मध्ये मद्रासला, फ्रेंच 1674 मध्ये पाँडिचेरीला. गिऱ्हाइकं वाढली. एकाचा भाव पटेना तर विणकर उचल परत करून दुसऱ्याचं काम धरी. फारच जाच झाला तर अख्खी वस्ती माग मोडून दुसऱ्या मुलखात निघून जाई. इंग्रजांनाच 1734 मध्ये मद्रासजवळ चिंताद्रिपेट वसवून विणकर, सूतकाते, धुणारे यांना बोलवावं लागलं. ज्याला जागा देऊन बोलवावं लागतं, त्याच्याशी जरा नमून बोलावंच लागतं.

ही ताकद काढून घेतली ती बाजाराने नव्हे, राज्याने. इंग्रज कंपनीने एकेक प्रतिस्पर्धी मागे सारला. पुलिकतही 1781 मध्ये घेतलं, आणि मधे हातबदल होऊन 1824 च्या तहाने ते कायमचं ब्रिटिशांकडे गेलं. मुलूख हाती आल्यावर कंपनीने मधल्या चेट्ट्यांना बाजूला सारून विणकरांना थेट उचल द्यायला सुरुवात केली. ऐकायला हे बरं वाटतं. पण आता उचल परत करून दुसरीकडे जाता येईना, कंपनीचं काम अंगावर असताना दुसऱ्याचं कापड विणणं हा गुन्हा ठरला. मागापाशी शिपाई बसवला जाई, आणि त्या शिपायाचा भत्ता विणकराच्याच माथी मारला जाई.