टेन्शनचा ब्रेक

"टेन्शन घेऊ नकोस" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. जणू काही टेन्शन ताटात वाढलेलं असतं, नको असेल तर घेऊ नये! पण या 'घेण्या'मागचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि गंमत म्हणजे त्यातले तीन महत्त्वाचे टप्पे कॅनडातल्या एकाच विद्यापीठाशी जोडलेले आहेत... माँट्रियलचं मॅकगिल.

१९३६ साली तिथल्या हान्स सेल्ये यांनी एक निरीक्षण मांडलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, विषारी द्रव्य द्या. त्रास कुठलाही असो, परिणाम तोच. ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, थायमस आक्रसलेली, पोटात अल्सर. ताण शरीरावर खूण सोडतो, ती अशी.

मेंदूतली खूण सापडायला मात्र बराच काळ जावा लागला. ताण आला की ॲड्रिनलमधून कॉर्टिसॉल सुटतं. ते मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या रिसेप्टर्सना चिकटलं की "पुरे आता" असा निरोप जातो. म्हणजे हे रिसेप्टर्स ब्रेकचं काम करतात. ते कमी असले तर कॉर्टिसॉल चढंच राहतं. नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ते तसं चढलेलं आढळतं.

२००४ साली मॅकगिलच्याच मायकेल मीनी आणि मोशे शिफ यांच्या गटाने दाखवलं, की उंदराच्या ज्या पिल्लांना आई कमी चाटते, त्यांच्यात या रिसेप्टरच्या जनुकावर जास्त रासायनिक कुलुपं बसतात. जनुक तेच, फक्त वाचलं कमी जातं. जन्मतःच पिल्लांची अदलाबदल केली, तर कुलुपं ठरली ती सांभाळणाऱ्या आईवरून, जन्म देणारीवरून नाही!

२००९ साली याच गटाने आत्महत्या केलेल्या माणसांचे मेंदू तपासले. लहानपणी छळ सोसलेल्या १२ जणांत हा रिसेप्टर कमी तयार होत होता. तसा छळ न झालेल्या १२ जणांत तो फरक दिसला नाही.

एवढ्याशा आकड्यांवरून सगळ्यांच्या नैराश्याचं कोडं सुटलं असं कोणी म्हणू नये. ते तसं एका कारणाचं नाहीच. पण "मनाने कच्चा आहे" असा शिक्का मारण्याआधी थांबावं, एवढं तर यातून नक्की कळतं. ब्रेक झिजलेल्या गाडीला "हळू चाल" सांगून काय होणार?

आणि हो, २००४च्या प्रयोगात मोठ्या झालेल्या उंदरांना एक औषध थेट मेंदूत दिल्यावर ती कुलुपं सैल झाली होती. माणसासाठी तसं औषध अजून नाही. पण कुलूप आहे, म्हणजे भिंत नव्हे.