ऑपरेशन झालंय, गोळ्या चालू आहेत, मग बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात अडीच महिन्यांचं लेकरू आहे. दिवाळी झाली की घरातली जोडी कोयता घेऊन कारखान्याला निघणार. आता मूल नको, म्हणून निघायच्या आत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन ठरलंय. आदल्या रात्री सासूबाई सांगतात, "भुलीचं इंजेक्शन देतेत. तीन दिवस लेकराला अंगावर घेऊ नको, दूध बाधतंय." सकाळी नवरा मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणतो.

सासूबाईंना काळजी आहे, यात शंका नाही. पण तीन दिवसांचा हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

मग बरोबर काय?

पूर्ण दिवस भरून जन्मलेलं, तब्येतीने चांगलं बाळ असेल तर आई नीट शुद्धीवर आली, तिला बाळ धरता येऊ लागलं की पाजायला हरकत नसते. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था 'अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन' हेच सांगते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच म्हटलंय. भुलीनंतरचं पहिलं दूध पिळून फेकून द्यायचीही गरज नाही.

कारण समजून घ्यायला सोपं आहे. दूध म्हणजे रांजण नाही, की एकदा औषध पडलं आणि ते तळाशी बसून राहिलं. औषध आईच्या रक्तातून दुधात येतं आणि रक्तातलं प्रमाण उतरलं की दुधातून परत रक्तात जातं. भुलीची बरीचशी औषधं रक्तातून झपाट्याने कमी होतात, म्हणून तर माणूस शुद्धीवर येतो. कंबरेत इंजेक्शन देऊन किंवा तेवढीच जागा बधिर करून ऑपरेशन झालं असेल, तर दुधात उतरणारं प्रमाण आणखी कमी. सिझरमध्येही हेच लागू होतं. टाके काढेपर्यंत पाजायचं नाही, असा काही नियम नाही.

बीडमध्ये हा प्रश्न मोठा का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. (पुरुषांचं ऑपरेशन जास्त सोपं असतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) सरकारी नियमानुसार टाक्याचं ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात. दुर्बिणीचं ऑपरेशन सहा आठवड्यांनंतरच. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी बऱ्याच जणींच्या मांडीवर अंगावर पिणारं लेकरू असतं.

त्यात हा ऊसतोडीचा जिल्हा. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं होतं. तो विषय वेगळा आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसली. बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय होतो, आणि तिला विचारायला, समजावून सांगायला कुणाकडे वेळ नसतो. दूध तोडण्याच्या सल्ल्याचंही बऱ्याचदा तसंच होतं.

तीन दिवस पाजलं नाही तर काय होतं? पहिल्या दिवशी छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. ऑपरेशननंतर ताप आला की टाक्यांमुळे आला की दुधामुळे, हा आणखी एक गोंधळ. दूध बाहेर निघालं नाही की शरीर ते बनवणं कमी करतं. पान्हा पुन्हा आणता येतो, पण त्यासाठी बाळाला सारखं सारखं पाजत राहावं लागतं. पहाटे फडात जाणाऱ्या बाईला ते कसं जमणार? मग अख्खा हंगाम पावडरवर. कोपीत राहायचं, टँकरचं पाणी, बाटली उकळायला सरपण नाही, डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ कालवायची. अशाने लेकराला हगवण लागते. मला वाटतं, धोक्याचा हिशोब करताना आपण फक्त इंजेक्शन मोजतो, ही बाटली मोजतच नाही.

कोणती औषधं चालतात?

दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतात. डायक्लोफिनॅकही सहसा चालतं. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिमसारखी नेहमीची अँटिबायोटिक्सही चालतात. मेट्रोनिडॅझोलने दुधाची चव थोडी बदलू शकते, कधी बाळाला पातळ शी होते. तेवढ्यासाठी दूध तोडायचं नसतं.

जपायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉलला. काही जणींच्या शरीरात या औषधांचं जास्त तीव्र रूप भराभर तयार होतं आणि ते दुधातून बाळापर्यंत जातं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल ऑपरेशननंतर दिलं जातं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. म्हणून "दुखण्यावर दुसरं काही चालेल का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन दूध कमी करतं. दूध आटवायची गोळी कुणी सुचवली, तर ती कशासाठी हे कळल्याशिवाय घेऊ नका.

खरोखर थांबावं लागतं अशी औषधंही आहेत. कॅन्सरची केमोथेरपी, थायरॉइडसाठीचं किरणोत्सारी आयोडीन. हृदयाच्या ठोक्यांवरची आणि काही मानसिक आजारांवरची औषधं घेत असाल तर निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या, पण स्वतःच्या मनाने औषधही बंद करू नका. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा श्वास अडखळणारं असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारा, कारण त्याच्या शरीराला थोडंसं औषधही बाहेर टाकायला वेळ लागतो.

ऑपरेशनच्या दिवशी

भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी अंगावर पाजते, बाळ इतक्या महिन्यांचं आहे." केसपेपरवर 'स्तनदा माता' असं लिहून घ्या. शक्य असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा, म्हणजे उपाशी कमी राहावं लागेल. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा. आत जायच्या अगदी आधी बाळाला पोटभर पाजा.

थोडं दूध हाताने काढून स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवता येतं. साधारण २५ अंशांपर्यंत ते चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढी वाट बघू नका. तोवर आजीने किंवा मावशीने वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं. बाटलीची गरज नाही.

नंतर पोटावर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखाली धरून. पहिल्या रात्री मात्र बाळाला आईच्या कुशीत झोपवून सगळ्यांनी झोपी जायचं नाही. गुंगीत तिला लेकराचं भान राहत नाही. पाजायच्या वेळी जागं माणूस शेजारी हवं, पाजून झालं की बाळ त्याच्याकडे.

बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, उठवूनही पीत नाही, अंग ढिलं पडलंय, श्वास मंद किंवा अडखळत घेतंय, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा आणि आईच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. एखादी गोळी घ्यावी की नाही एवढीच शंका असेल, तर राज्याच्या १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करून विचारता येतं.