नित्याच्या रक्ततपासणीची वर्गवारी : एक कुळकथा

पुणे-सोलापूर हमरस्त्यावरच्या मोडनिंबहून, ज्याच्या हृदयाचे ‘पंपिंग कमी झाले आहे’ असा रुग्ण जेव्हा सोलापूरच्या अतिदक्षता विभागाकडे निघतो, तेव्हा नातलगांच्या हातातील फाईलीत इकोचा कागद एखादाच, पण रक्ताचे रिपोर्ट मात्र अनेक असतात. आणि हिमोग्लोबिन, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, बिलिरुबिन या नेहमीच्या आकड्यांची एकत्रित रुजुवात घेऊन अशा रुग्णांचे गट पाडण्याची जी रीत अलीकडे वैद्यकात रुजू पाहत आहे, तिचे कुळ शोधीत गेल्यास एक धागा थेट नागपुरास जाऊन पोचतो.

आकडे स्वतः या रीतीहून जुने आहेत. क्रिएटिनिनची पिक्रिक आम्लाशी होणारी रंगप्रक्रिया माक्स याफे याने १८८६ साली नोंदविली. रक्तपेशींची मोजदाद पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवून करावी लागे, ती बारीक छिद्रातून एकेक पेशी जाताना विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून करण्याच्या युक्तीचे पेटंट वॉलेस कूल्टर यास १९५३ साली मिळाले. यांपैकी कोणतीही तपासणी हृदयासाठी निर्माण झालेली नव्हती. परंतु दुर्बल हृदयाची पहिली फिर्याद इतर अवयवच मांडतात : मूत्रपिंडास रक्त अपुरे पडले की क्रिएटिनिन चढते, रक्त मागे तुंबून यकृत फुगले की बिलिरुबिन वाढते, शरीरात पाणी साचले की सोडियम उतरते, आणि एकाच निदानाच्या दोन शेजारच्या खाटांवर एकाचे मूत्रपिंड तर दुसऱ्याचे यकृत आधी खचलेले असते.

अनेक मापे एकत्र धरून दोन माणसांतील जवळीक वा अंतर कसे ठरवावे, हा प्रश्न मात्र वैद्यकात जन्मला नाही. १९२० साली नागपुरास भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबिस यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी गाठ पडली, आणि कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा तपशील महालनोबिसांच्या स्वाधीन झाला. त्या कामातून वाढलेल्या विचाराची परिणती १९३६ सालच्या, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतरसूत्रात झाली. या सूत्राचे मर्म असे, की जी मापे जोडीनेच वाढतात त्यांचे वजन दुप्पट धरले जाऊ नये. युरिया आणि क्रिएटिनिन बहुधा एकत्र चढतात, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र साक्षी मानणे अन्यायाचे ठरेल, हे त्यावरून सहज उमगते. आजचा प्रत्येक संशोधक याच सूत्राने अंतर काढतो असे नव्हे. तरी माणसांना मापांच्या अवकाशात बिंदूंप्रमाणे मांडून त्यांचे पुंजके शोधण्याच्या या विद्येत त्या नागपूरच्या भेटीचा वाटा मला फार मोठा वाटतो.

वैद्यकाने ही वाट उशिरा धरली. शिकागोच्या संजीव शाह व सहकाऱ्यांनी २०१५ साली, ज्यांचे पंपिंग टिकूनही हृदय दुबळे झाले आहे अशा ३९७ रुग्णांचे, रक्तासह अनेक तपासण्यांच्या आधारे, तीन गट पाडले आणि त्यांचे भवितव्य वेगवेगळे असल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाचे, चाळीस हजारांहून अधिक रुग्णांचे दप्तर नावे वगळून अभ्यासकांस खुले झाले, आणि केवळ नित्याच्या रिपोर्टांवरून अशी वर्गवारी पडताळण्यास मोठे साधन मिळाले.

परंतु त्या दप्तरावरून आखलेल्या गटांच्या सीमारेषा, मोडनिंब ज्यात येते त्या माढा तालुक्यास जशाच्या तशा लावणे मला धोक्याचे वाटते. उदाहरणार्थ, लाल पेशींच्या आकारातील विषमता सांगणारा आरडीडब्ल्यू हा आकडा हृदयरुग्णाच्या भवितव्याशी निगडित असल्याचे २००७ साली फेल्कर व सहकाऱ्यांनी दाखविले. पण लोहाच्या कमतरतेनेही तोच आकडा चढतो, आणि आपल्याकडे ती कमतरता घरोघरी, विशेषतः स्त्रियांत, आढळते. म्हणून या भागातील रुग्णांचे रिपोर्ट तारीख-वेळेसह, औषध सुरू होण्यापूर्वीचे व नंतरचे असे निरनिराळे जपून, येथील गट येथल्याच रक्तावरून पाडले जाणे अगत्याचे आहे.